दिवसभर पडदे, रात्रभर ट्यूबलाइट : उजेड, शरीराचे घड्याळ आणि कामाचा उरक

पडवी (धागाकर्ता) | १० मे, सकाळी ७:२०

गेली सहा वर्षे मी नागपुरात घरूनच काम करतो. काम हिशेबतपासणीचे आणि अहवाल लिहिण्याचे, म्हणजे बैठे आणि डोके लागणारे. दर वर्षी एक गोष्ट ठरल्यासारखी घडते. होळी होते, कूलर माळ्यावरून खाली उतरतो, खिडकीत बसतो, आणि पुढच्या पंधरा-वीस दिवसांत माझा कामाचा उरक निम्म्यावर येतो. सकाळी साडेदहापर्यंत डोके जड असते, दुपारी दोनला अनावर पेंग येते आणि रात्री दहा वाजता, जेव्हा घरातल्या इतरांना झोप आलेली असते, तेव्हा मला लख्ख जाग येऊन कामाला हुरूप चढतो. आजवर मी याचे खापर उन्हावर फोडत आलो. पण मी उन्हात जातच नाही, घरात कूलर असतो आणि दुपारचे जेवणही बेताचे असते.

मागच्या महिन्यात एका विद्युत कंत्राटदार मित्राकडून लक्समीटर, म्हणजे उजेड लक्स या एककात मोजणारे यंत्र, आठ दिवसांसाठी मागून आणला. मीटर टेबलावर आडवा न ठेवता डोळ्यांच्या उंचीवर, मी जिकडे पाहत बसतो तिकडे तोंड करून धरला. कारण टेबलावर किती उजेड पडतो याच्याशी शरीराला कर्तव्य नाही, डोळ्यांत किती शिरतो याच्याशी आहे. सकाळी नऊ वाजता माझ्या कामाच्या खोलीत, पडदे ओढलेले आणि कूलरला वाळ्याची ताटी लावलेली असताना, ३५ लक्स. ट्यूब लावल्यावर ११०. त्याच वेळी चार पावलांवरच्या गॅलरीत, सावलीत, २,२००. सकाळी सहाला गच्चीवर पाच हजारांच्या वर. आणि रात्री नऊ वाजता दिवाणखान्यात, दोन पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली, १६०. एका संध्याकाळी मीटर खिशात घालून बर्डीच्या बाजारात गेलो, तर कपड्यांच्या एका दुकानात रात्री साडेआठला तो ९०० दाखवत होता. दुकानदाराने ‘काय मोजता साहेब’ म्हणून विचारले, तेव्हा मला पटकन उत्तर सुचले नाही.

३५ आणि १६० हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर मला माझे दुखणे कळले. माझ्या घरात मी सकाळी नऊला जिथे बसतो त्यापेक्षा रात्री नऊला जिथे बसतो तिथे चौपटीहून अधिक उजेड आहे.

ज्यांनी या विषयावर फारसे वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या बरोबर वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. त्याला सुप्राकायाझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात. शरीराचे तापमान, कॉर्टिसॉल (जाग आणणारे संप्रेरक), मेलाटोनिन (रात्र झाल्याचा इशारा देणारे संप्रेरक), भूक आणि जागरूकता यांची दिवसभराची चढउतार हा पुंजका ठरवतो. मात्र त्याचे स्वतःचे चक्र बरोबर २४ तासांचे नाही. १९९९ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने अत्यंत मंद प्रकाशात राहणाऱ्या माणसांवर मोजमाप करून ते सरासरी २४ तास ११ मिनिटांचे असल्याचे दाखवले. म्हणजे हे घड्याळ रोज थोडे मागे पडते आणि त्याला रोज पुढे ढकलावे लागते. ढकलण्याचे काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो. रात्रीचा उजेड त्याच्या उलट, घड्याळ आणखी मागे खेचतो. माझ्या बाबतीत सकाळचा उजेड जवळजवळ नाही आणि रात्रीचा भरपूर आहे, तेव्हा मे महिन्यात माझ्या शरीरापुरते उजाडते ते बहुधा संध्याकाळी सातनंतर.

बंद घरात, खिडक्या नसलेल्या कार्यालयात किंवा पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांचा अनुभव काय आहे, हे जाणून घ्यायला आवडेल.

---

गच्चीवरची_खाट | १० मे, सकाळी ९:०५

आपल्या आकड्यांनी मला नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्याची गच्ची आठवली. उन्हाळ्यात संध्याकाळी सहा वाजता आम्ही मुली बादल्यांनी गच्चीवर पाणी मारत असू. पहिल्या बादलीला फरशीतून वाफ निघे, तिसऱ्या बादलीला ती थंड पडे. आठ वाजता गाद्या वर जात, कोपऱ्यात सुरई ठेवली जाई आणि साडेनऊला सगळीकडे निजानीज होई, कारण वर दिवाच नव्हता आणि अंधारात बोलून बोलून माणूस किती बोलणार. पहाटे पाचच्या सुमारास आकाश उजळू लागे आणि साडेपाचला ऊन डोळ्यांवर आले की झोपणे अशक्य होई. माझे वडील सहा वाजता लिहायला बसत आणि दहापर्यंत त्यांचे दिवसाचे मुख्य काम संपलेले असे. आम्ही त्याला शिस्त म्हणत होतो. आता वाटते की त्यात गच्चीचाही वाटा असावा.

आज आमच्या इमारतीत कोणीही गच्चीवर झोपत नाही. डास आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत, आणि एसी आहे. मीही झोपत नाही, त्यामुळे इतरांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही.

---

तर्कट | १० मे, सकाळी ११:४०

पडवी, आपले मोजमाप उत्तम आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. मार्चनंतर नागपुरात केवळ उजेड बदलत नाही. कूलरच्या घरघरीने झोप मोडते, जेवणात आंब्याचा रस असतो, लग्नसराईत रात्री अकराला जेवण होते, मुलांच्या शाळा बंद होऊन घरात गोंधळ वाढतो आणि रात्रीचे तापमानही फारसे उतरत नाही. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान खाली यावे लागते आणि खोली गरम असेल तर ते नीट येत नाही. इतकी कारणे एकाच वेळी बदलत असताना त्यातले उजेडाचेच कारण उचलून धरणे योग्य नव्हे.

दुसरे असे की दुपारी दोनची पेंग थंडीतही येते. ती जेवणामुळे येते असे आपण समजतो, परंतु न जेवलेल्या माणसांतही ती दिसते. ती शरीराच्या लयीचाच भाग आहे. मग पडदे उघडून ती जाईल, असे आपल्याला का वाटते?

---

पडवी | १० मे, रात्री ९:५०

तर्कट, तापमानाचा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि रसाचाही, कारण मी वर ‘जेवण बेताचे’ असे लिहिले तेव्हा रस मोजला नव्हता.

पेंगेबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो. झोप आणि जाग यांचे गणित दोन गोष्टींवर चालते, असे स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडले आणि ती मांडणी आजही पायाभूत मानली जाते. पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा साठत जाणारा भार. जागे झाल्यापासून मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेत ते ओसरते. दुसरी म्हणजे घड्याळाने दिलेला जागरूकतेचा जोर, जो दिवस चढेल तसा वाढतो आणि आपल्या नेहमीच्या झोपेच्या दोन-तीन तास आधी सर्वाधिक असतो. दुपारी भार बराच साचलेला असतो आणि जोर अजून पुरेसा चढलेला नसतो, त्या फटीत पेंग येते. ज्याचे घड्याळ मागे सरकलेले आहे त्याचा जोर आणखी उशिरा चढतो, म्हणून त्याची फट रुंद होते. रात्री दहाला मला येणारा हुरूप हा त्या उशिरा चढलेल्या जोराचा कळस आहे. मी त्यालाच माझी ‘कामाची खरी वेळ’ समजून त्यावेळी दिवे लावून बसत गेलो आणि दर रात्री घड्याळ आणखी मागे खेचत गेलो.

पडदे उघडून पेंग नाहीशी होणार नाही, हे खरे. ती अडीच तासांऐवजी पाऊण तासाची झाली तरी माझे काम भागेल.

इथे उजेडाचे दोन निरनिराळे परिणाम वेगळे ठेवायला हवेत. एक तात्काळ : भर दुपारीही प्रखर उजेडात माणूस थोडा अधिक तरतरीत होतो, आणि उजेड गेला की तो परिणामही जातो. दुसरा सावकाश : घड्याळाचे काटेच सरकणे. दुसऱ्याचे एक सुंदर उदाहरण आहे. २०१३ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राइट यांनी काही जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत राहायला नेले. टॉर्च नाही, फोन नाही, फक्त सूर्य आणि शेकोटी. आठवड्यात त्यांचे घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आले, आणि त्यांच्यातले रात्री जागणारे व पहाटे उठणारे यांच्यातले अंतरही कमी झाले. ‘मी जन्मजात निशाचर आहे’ असे म्हणणाऱ्यांपैकी सगळे नसले तरी काही जण आपल्या घरातल्या दिव्यांमुळे निशाचर असतात, असा याचा अर्थ मी घेतो.

---

सी_शिफ्ट | ११ मे, पहाटे २:१०

वेळ पाहून हसू नये, मी कामावर आहे आणि आता चहाची सुटी आहे.

नागपूरजवळच्या एका औष्णिक वीजकेंद्रात मी अठरा वर्षे पाळ्यांमध्ये काम करतो. पडवी यांनी जे घरात बसून अपघाताने केले, ते आम्ही पगार घेऊन करतो. सहकाऱ्यांत वर्षानुवर्षे चर्चा होते ती एवढीच की रात्रपाळीत चहा किती प्यावा. उजेडाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

रात्रपाळीच्या माणसाचा खरा शत्रू सकाळी साडेसहाचे ऊन आहे. शरीराचे तापमान साधारण नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास सर्वांत खाली जाते, म्हणजे सर्वसाधारण माणसाचे पहाटे चार-पाचच्या सुमारास. त्या नीचांकाच्या आधी डोळ्यांत गेलेला प्रखर उजेड घड्याळ मागे नेतो आणि नंतर गेलेला पुढे नेतो. रात्रभर कंट्रोल रूमच्या दिव्यांनी माझे घड्याळ कसेबसे मागे सरकवावे, म्हणजे दिवसा झोप लागेल, आणि सकाळी घरी येताना समोरून उगवलेल्या सूर्याने ते पुन्हा पुढे ढकलावे. मग घरी पोचेपर्यंत झोप उडालेली असते आणि बायको विचारते की एवढे थकून आलात तर झोपत का नाही.

मी तीन गोष्टी करतो. पाळीच्या पहिल्या निम्म्या भागात सगळे दिवे लावून ठेवतो. पहाटे चारनंतर, जिथे सुरक्षिततेला बाधा येत नाही तिथे, डोक्यावरचा दिवा बंद करतो. आणि परतीच्या बसमध्ये खिडकीपासून दूर बसून काळा चष्मा लावतो. जे स्वतः दुचाकी चालवत जातात त्यांनी मात्र चष्म्याचा हा प्रयोग करू नये. डुलकी लागलेल्या माणसाला उन्हानेच जागे ठेवलेले असते, तो चष्मा लावून रिंग रोडवर गेला तर काय होईल हे सांगायला नको. झोपण्याच्या खोलीच्या खिडकीला मी काळा रेक्झिन खिळ्यांनी ठोकला आहे. दिसायला घर पंक्चरच्या दुकानासारखे दिसते, पण साडेसात ते साडेबारा सलग झोप मिळते.

एक तक्रार आहे. आमच्याकडे पाळ्या उलट्या फिरतात : रात्र, मग दुपार, मग सकाळ. घड्याळाचे स्वतःचे चक्र २४ तासांहून थोडे मोठे असल्यामुळे त्याला मागे सरकणे सोपे आणि पुढे येणे कठीण जाते, म्हणून सकाळ, दुपार, रात्र हा क्रम शरीराला सोसतो. हे मी वरिष्ठांना दोनदा लिहून दिले. त्यांनी दोन्ही वेळा पोच दिली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला ‘माणसात कर्करोग होण्यास बहुधा कारणीभूत’ या गटात टाकले आणि २०१९ मध्ये ते वर्गीकरण कायम ठेवले. त्यामुळे हा विषय केवळ उरकाचा नाही, एवढे नोंदवून कामाला लागतो.

---

लाजाळू | ११ मे, सकाळी ८:१५

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. माझ्या आयडीचे कारण हाच विषय आहे. १७२९ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ-जाक द मेराँ यांनी लाजाळूचे रोप अंधाऱ्या जागेत ठेवले, आणि सूर्य न दिसताही ते दिवसा पाने उघडत आणि रात्री मिटत राहिले. घड्याळ आतच असते, याचा तो पहिला पुरावा. भारतातही या विषयावर मोठे काम झाले आहे. मदुराईच्या कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांच्या लयींचा अभ्यास केला आणि माणसांना बाहेरच्या वेळेपासून पूर्ण तोडून ठेवता येईल अशी प्रयोगशाळाही तिथे उभी केली.

आता शाळेकडे येते. नागपूरचे रेखांश सुमारे ७९ अंश आणि भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची, त्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या साधारण चौदा मिनिटे मागे चालतो. जूनमध्ये सूर्योदय साडेपाचच्या आसपास होतो, डिसेंबरअखेर पावणेसातनंतर. सकाळची शाळा सातची असेल तर डिसेंबरात मूल साडेसहाला, म्हणजे सूर्य उगवण्याआधीच, रिक्षात बसते. पहिल्या तासाला वर्गात मी शिकवत असते आणि समोर चाळीस शरीरे बसलेली असतात, एवढेच म्हणता येईल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. त्याचे स्वागत आहे. पण ज्यांचे घड्याळ खरोखर उशिराकडे सरकते ती चौथीची मुले नव्हेत. वयात येताना मेलाटोनिन उशिरा स्रवू लागते, म्हणजे आठवी ते बारावीच्या मुलांना रात्री झोप उशिरा येणे हे बरेचसे वयाचे आहे आणि थोडेसेच मोबाईलचे. नेमक्या त्यांनाच सकाळी सहाच्या शिकवणीला पाठवले जाते. लहानांना आपण सवलत दिली ती ती गोड दिसतात म्हणून, असा मला अधूनमधून संशय येतो.

---

पहाटवारा | ११ मे, सकाळी ८:५०

आपल्या पूर्वजांनी ब्राह्ममुहूर्ताला उठावे असे सांगून ठेवले आहे, त्यापुढे या सगळ्या प्रयोगांची गरज काय?

---

तर्कट | ११ मे, सकाळी १०:००

पहाटवारा, ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधीपासून ४८ मिनिटे आधीपर्यंतचा काळ. सध्या नागपुरात तो पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो आणि पावणेपाचनंतर संपतो. जो माणूस रात्री साडेनऊला निजतो त्याच्यासाठी ही वेळ ठीकच आहे. पण जो बाराला झोपून आठला उठतो, त्याने एकदम उद्यापासून चारला उठून पांढरी ट्यूब लावली, तर वर सी_शिफ्ट यांनी सांगितलेला नियम त्याच्यावर उलटेल : त्याचा तापमानाचा नीचांक पाच-सहाच्या सुमारास येत असणार आणि त्याआधीचा उजेड त्याचे घड्याळ पुढे आणण्याऐवजी मागे नेईल. पूर्वजांकडे ट्यूब नव्हती. त्यांच्या पहाटेला अंधार होता आणि मग सूर्य होता. निदान तो क्रम तरी आपण पाळावा.

मी काल पडवी यांच्या विरोधात लिहिले होते, आज त्यांच्या बाजूने लिहितो आहे, हे माझ्या लक्षात आले आहे.

---

दृष्टिपटल | ११ मे, दुपारी १:३०

मी नेत्रवैद्य आहे. चर्चा चांगली चालली आहे, म्हणून काही गोष्टी वेळीच स्पष्ट करतो.

डोळ्यात रंग आणि आकार ओळखणाऱ्या पेशींखेरीज मेलानोप्सिन नावाचे द्रव्य असलेल्या काही थोड्या गँग्लिऑन पेशी असतात. त्या स्वतःच उजेड टिपतात, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे निळसर, प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. चित्र पाहणे हे त्यांचे काम नाही. एकूण किती उजेड आहे याची बातमी त्या मेंदूतल्या घड्याळाला देतात. याचे प्रत्यंतर मी पाहिले आहे. माझ्या एका रुग्णाला काहीही दिसत नाही, पण त्याची झोप घड्याळासारखी नियमित आहे, कारण त्याच्या या पेशी शाबूत असाव्यात. दुसऱ्या एकाचे दोन्ही डोळे लहानपणी काढावे लागले. त्याला काही दिवस रात्री उत्तम झोप लागते, मग ती हळूहळू सरकत दिवसावर येते आणि पुन्हा फिरून रात्रीवर जाते. घरचे त्याला आळशी म्हणत असत. त्याचे घड्याळ रोज काही मिनिटे मागे पडत होते आणि ते लावणारे कोणी नव्हते, एवढेच.

गच्चीवरची_खाट यांच्यासाठी : वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाशच अधिक गाळला जातो. त्यामुळे ज्येष्ठांना तेवढ्याच परिणामासाठी अधिक उजेड लागतो.

सावधगिरीचे सांगतो. उजेड घ्या याचा अर्थ सूर्याकडे बघा असा नाही. आकाशाकडे तोंड करून, सूर्य बाजूला ठेवून, चालणे किंवा बसणे पुरेसे आहे. मे महिन्यात हे साडेसातच्या आत उरकावे; नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ऊन लागून दवाखान्यात येणाऱ्यांची घड्याळे आम्हाला तपासायची नसतात. काही औषधांमुळे त्वचा व डोळे प्रकाशाला जास्त संवेदनशील होतात आणि ज्यांना बायपोलर विकार आहे त्यांच्यात प्रखर उजेडाने उन्माद उफाळू शकतो. अशांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रयोग करू नये.

माणसामाणसांतला फरकही मोठा आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात ५५ जणांची संध्याकाळच्या उजेडाला असलेली संवेदनशीलता तपासली गेली, तेव्हा सर्वांत संवेदनशील आणि सर्वांत बधिर व्यक्ती यांच्यात पन्नासपटींहून अधिक अंतर निघाले. एकाच दिवाणखान्यात नवऱ्याला झोप येते आणि बायकोला येत नाही, यावरून भांडण्यात अर्थ नाही.

---

खुर्ची_क्र_४२ | १२ मे, पहाटे १:४५

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आमची अभ्यासिका तळघरात आहे, चोवीस तास उघडी असते आणि तिच्यात दिवसरात्र सारखाच पांढरा उजेड असतो. पायऱ्या उतरल्यावर बाहेर पाऊस आहे की ऊन हेही कळत नाही. वर एक लांबट झरोका आहे, रस्त्याच्या पातळीवर, पण मालकांनी उन्हाळ्यात एसी टिकावा म्हणून त्यावर कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवला आहे. मी रात्री दहा ते तीन अभ्यास करतो, कारण तेव्हा लक्ष लागते. मध्ये अकराला आणि एकला टपरीवर चहा. सकाळी दहाला उठतो. सराव परीक्षा मात्र सकाळी दहाला असतात आणि त्यांत माझे गुण माझ्या तयारीच्या मानाने नेहमीच कमी येतात. वरचे वाचून मला पहिल्यांदा वाटले की कारण अभ्यासात नसून वेळेत असावे. परीक्षेला सात आठवडे आहेत. नेमके काय करावे?

---

पडवी | १२ मे, सकाळी ६:४०

भाऊ, सकाळी दहाचा पेपर तू तुझ्या शरीराच्या पहाटे देतो आहेस. सात आठवडे भरपूर आहेत, घाई मात्र करू नये.

उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी वीस मिनिटे अलीकडे आण आणि उठल्या उठल्या अर्धा तास उघड्यावर घालव, अंबाझरी तलावावर जाणे जमत नसेल तर रस्त्यावर का होईना. दहाला उठतोस तोवर मात्र सावलीत चाल, कारण सध्याच्या उन्हाबद्दल डॉक्टरांनी वर लिहिले आहेच, आणि सावलीतही हजार-दोन हजार लक्स सहज मिळतात. उठणे साडेसहावर आले की मग झाडाखाली चाल किंवा गच्चीवर, तुझी मर्जी. रविवारीही हीच वेळ ठेव. आठवडाभर सातला उठून रविवारी अकराला उठणारा माणूस दर आठवड्याला परदेशवारी करून आल्यासारखा होतो; म्युनिकचे टिल रोनेबर्ग यांनी त्याला ‘सोशल जेटलॅग’ असे नावच दिले आहे.

रात्रीच्या चहाचे बघ. २०१५ च्या एका प्रयोगात झोपेच्या तीन तास आधी दोन एस्प्रेसोंइतके कॅफीन घेतल्यावर घड्याळ सुमारे चाळीस मिनिटे मागे सरकलेले आढळले. टपरीच्या कटिंगमध्ये तेवढे नसते, पण तू ते रात्री एक वाजता घेतोस.

दिव्यांबद्दल : आपल्याकडे घराघरांत ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा एलईडी लावतात, कारण तो ‘जास्त उजेड देतो’ असे दुकानदार सांगतो. दिवसा तो चांगलाच. रात्री खोलीत २,७०० किंवा ३,००० केल्विनचा पिवळसर, कमी वॅटचा आणि शक्यतो टेबलाच्या उंचीवरचा दिवा वापर. झोपेशी संबंधित तज्ज्ञांच्या एका गटाने २०२२ मध्ये अशी शिफारस केली की दिवसा डोळ्यांपाशी, मेलानोप्सिनच्या मापाने (म्हणजे डॉक्टरांनी वर सांगितलेल्या पेशींना जाणवेल त्या हिशेबाने), किमान २५० लक्स असावेत, झोपेच्या आधीचे तीन तास १० पेक्षा जास्त नसावेत आणि झोपताना १ पेक्षा. हे माप साध्या मीटरच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, पण दिशा समजते. फोनवरच्या पिवळ्या पडद्याच्या सोयीवर फार विसंबू नये. पडदा पिवळा करण्यापेक्षा त्याची प्रखरता उतरवणे आणि वरची ट्यूब बंद करणे अधिक उपयोगी आहे.

आणि सर्वांत कठीण अभ्यास आता सकाळी घे, रात्री फक्त उजळणी ठेव. पहिले दहा दिवस सकाळी काहीच सुचणार नाही.

---

गच्चीवरची_खाट | १२ मे, सकाळी ७:३०

खुर्ची_क्र_४२, बाळ, झरोक्याबद्दल मालकांशी बोलून तर बघ.

---

पडवी | २४ मे, सकाळी ८:००

दोन आठवड्यांचा वृत्तान्त देतो. माझा कूलर पूर्वेच्या खिडकीत होता, म्हणजे सकाळच्या उजेडाची एकुलती एक वाट मीच पत्र्याच्या डब्याने बुजवली होती. वेल्डर बोलावून स्टँड उत्तरेच्या खिडकीकडे हलवला. गारवा किंचित कमी झाला, कारण तिकडे वारा कमी आहे, आणि पाण्याचा पाइप आता न्हाणीघरातून ओढावा लागतो, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. टेबल पूर्वेच्या खिडकीशी आणले. सकाळी साडेसहा ते साडेआठ पडदा उघडा ठेवतो, पुढे ऊन तापू लागले की पातळ पांढरा पडदा ओढतो. सकाळी आठला डोळ्यांपाशी १,४०० लक्स, नऊला पडद्यातून ४५० येतात. रात्री दिवाणखान्यात एकच पिवळा दिवा असतो आणि तिथे ३०.

साडेदहापर्यंतचा जडपणा आठव्या दिवशी गेला. दुपारची पेंग आहे, मात्र तासाभरात आटोपते. रात्री साडेदहाला झोप येते, त्यामुळे गेल्या आठवड्यात एक अहवाल मुदतीच्या आदल्या रात्री पुरा करता आला नाही आणि तो दुसऱ्या दिवशी पहाटे करावा लागला. तर्कट विचारण्याआधीच सांगतो : याच काळात मी रसही कमी केला आहे.

---

खुर्ची_क्र_४२ | २ जून, सकाळी ९:१०

उठण्याची वेळ साडेसातवर आली आहे. सराव परीक्षेत मागच्यापेक्षा गुण वाढले, पण पेपर सोपा होता असे सगळेच म्हणत आहेत, त्यामुळे त्याचे श्रेय कशाला द्यावे ते ठरवता येत नाही.

मालकांशी बोललो. सकाळी अकरापर्यंत पुठ्ठा काढायला ते तयार झाले, अट एकच, अकराला तो मीच परत चिकटवायचा. पहिल्या सकाळी झरोक्यातून उजेडाचा एक लांब पट्टा आत आला आणि त्यात सहा खुर्च्या पडल्या. दुसऱ्या सकाळी मी पावणेआठला पोचलो तेव्हा त्या सहाही खुर्च्यांवर कोणी ना कोणी पुस्तके ठेवून जागा धरलेली होती. माझी ४२ क्रमांकाची खुर्ची त्या पट्ट्यापासून दोन हात लांब आहे. मालकांना खुर्चीबदलाचा अर्ज दिला आहे.